नकाशाचे पाकीट कसे पारखावे

नकाशा घेऊन डोंगरात किंवा मोकळ्या मुलखात चालणाऱ्याला पाकीट हवेच, याबद्दल वाद नाही. कागद भिजतो, घड्यांवर विरतो, घामाने मऊ पडतो, वाऱ्याने हातातून सुटतो. वाद आहे तो पाकीट पारखावे कसे याबद्दल. दुकानात पहिला प्रश्न हमखास पाण्याचा असतो: आत थेंब जातो का? वेष्टनावरही तेच ठळक छापलेले असते. माझ्या मते हा प्रश्न दुसरा आहे आणि पहिला प्रश्न नजरेचा आहे. पाकिटात घातलेला नकाशा चालता चालता, एका हाताने, पाकीट न उघडता वाचता येतो का? त्यावर होकायंत्र सपाट बसते का? ज्या पाकिटामुळे नकाशा अधिक वेळा पाहिला जातो ते चांगले. ज्याच्या आत तो ठणठणीत कोरडा राहतो, पण काढायचा आणि वाचायचा कंटाळा येतो म्हणून सॅकच्या तळाशी जातो, ते कितीही भारी असले तरी त्याने आपले काम केलेले नाही. भिजलेला नकाशा निदान भिजल्याचे सांगतो. न पाहिलेला नकाशा काहीच सांगत नाही, आणि माणूस वाट बरोबर आहे अशा समजुतीत अर्धा तास चुकीच्या सोंडेवरून उतरत राहतो.

ही गोष्ट डोंगरापेक्षा सपाटीवर अधिक लख्ख दिसते. म्हणून सह्याद्री थोडा वेळ बाजूला ठेवून कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातले पट्टीश्वरम् समोर घेऊ. कुंभकोणमच्या नैर्ऋत्येला सात-आठ किलोमीटरवरचे हे गाव. मराठी माणूस तंजावरच्या भोसल्यांचा इतिहास पाहायला या भागात येतो, दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर पाहतो, आणि तिथून पट्टीश्वरम्, पुढे चोळांची जुनी राजधानी पळैयारै अशी पायी फेरी मनात आणतो. अंतरे फार नाहीत, चढ तर नाहीच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर समोच्च रेषा २० मीटरच्या अंतराने काढलेल्या असतात. समुद्रसपाटीपासून जेमतेम पंचवीसेक मीटर उंचीच्या या मुलखात त्या जवळजवळ दिसतच नाहीत. सह्याद्रीत वाट दाखवणारी प्रत्येक खूण इथे गैरहजर असते. धार नाही, खिंड नाही, घळ नाही, समोर ओळखीचा सुळका नाही. आहेत ते कालवे, बांध, भातखाचरे, केळीच्या बागा आणि माडांच्या राया. कावेरीला फुटलेल्या अरसलार, मुडिकोंडान, तिरुमलैराजन अशा शाखा, आणि त्यांनाही फुटलेले पाट. नवख्या डोळ्याला एक पाट दुसऱ्यासारखाच दिसतो.

अशा मुलखात खूण म्हणून उरते ते गोपुर. पण गोपुर प्रत्येक गावाला आहे. पट्टीश्वरम्‌च्या धेनुपुरीश्वराचे आहे, अगदी लागून असलेल्या तिरुशक्तिमुट्रमचे आहे, पळैयारैच्या बाजूला आणखी आहेत. माडांच्या फटीतून एक शेंडा दिसला, एवढ्याने तो कोणाचा हे कळत नाही. ते कळते मोजणीने: आपण किती पाट ओलांडले, शेवटचा पूल कोणत्या बाजूला राहिला, बांध कुठे वळला. ही मोजणी नकाशाशी सतत ताडून पाहावी लागते, दर दहा मिनिटांनी, कधी दर वळणावर. डोंगरात नकाशा तासातून दोनदा पाहून भागते, कारण आकार डोळ्यांत राहतो. सपाटीवर आकारच नसल्याने डोळ्यांत काही राहत नाही. शिवाय इथला मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर असा ईशान्य मोसमी वाऱ्यांचा. म्हणजे ज्या महिन्यांत उन्हाचा ताव कमी होऊन चालणे सुसह्य व्हावे, नेमक्या त्याच महिन्यांत कागद भिजण्याचा धोका सर्वांत मोठा. जिथे नकाशा सर्वांत जास्त वेळा बघायचा आणि त्याच वेळी सर्वांत जास्त झाकायचा, तिथे पाकिटाची खरी परीक्षा होते.

झाकणे आणि वाचणे यांचा मेळ घालण्याचा प्रश्न या मुलखाला नवा नाही. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयात ताडपत्रांच्या हजारो पोथ्या आहेत, आणि ताडपत्र हा दमट हवेत कागदाइतकाच हळवा पदार्थ. एक पोथी जवळून पाहावी. पान लांबट, अरुंद, दोन-तीन बोटे रुंदीचे. लोखंडी लेखणीने अक्षरे कोरलेली आणि त्यांत काजळी भरलेली. पानाला एक किंवा दोन भोके, त्यांतून ओवलेला दोर. मजकूर लिहिणाऱ्याने भोकाभोवती जागा कोरी सोडलेली, म्हणजे दोराच्या घर्षणाने अक्षर झिजू नये. वर आणि खाली पानाच्याच मापाच्या लाकडी फळ्या, त्यांवर दोराचे वेढे, सगळ्यांभोवती कापड, आणि किडीसाठी वेखंड आणि इतर सुगंधी द्रव्यांची पुरचुंडी. या रचनेत एकही गोष्ट अशी नाही की जिच्यामुळे वाचणे अवघड व्हावे. दोर सैल केला की पाने पंख्यासारखी सरकतात, एक पान वाचून पालटता येते, क्रम बिघडत नाही, आणि हवा लागली तरी फळ्यांमुळे पान वळत नाही. मला यात विशेष वाटते ते असे की संरक्षणाची आखणी अक्षर कोरण्याआधीच झालेली आहे. भोक कुठे पडणार हे ठरवून मग मजकूर बसवला. आपण मात्र नकाशा आधी छापतो किंवा विकत घेतो आणि मग त्याला कशात तरी कोंबतो.

मराठी दप्तरांनी हाच प्रश्न कापडाने सोडवला. पुण्याच्या पेशवे दप्तरातले मोडी कागद रुमालांत बांधलेले आहेत. चौकोनी सुती कापड, मध्ये कागदांचा गठ्ठा, चार टोकांच्या गाठी. रुमालातून हवा खेळते, म्हणून आत घाम धरत नाही. गाठ सोडायला क्षण लागतो आणि पुन्हा मारायलाही क्षणच. पावसात उघड्यावर धरायला तो अर्थातच निरुपयोगी आहे, आणि कोणी तसा दावाही केला नव्हता. रुमाल आणि ताडपत्राची फळी या दोन्ही गोष्टी मी आणतो त्या जुन्याचे कौतुक म्हणून नव्हे. साठवणीसाठी हवा खेळती हवी आणि प्रवासासाठी पाणी बाहेर हवे, या दोन गरजा एकमेकींच्या उलट आहेत, आणि एकच वस्तू दोन्ही भागवू शकत नाही, हे त्यांतून स्पष्ट होते. आजचे पारदर्शक पाकीट प्रवासासाठी आहे. त्याला कपाट समजून नकाशा वर्षभर त्यातच ठेवला तर तो पावसाशिवायही खराब होतो. त्याबद्दल पुढे सांगतो.

तंजावरच्याच भूमीवर एक प्रसंग घडला, तो पाकिटाबद्दल विचार करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवण्यासारखा आहे. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे काम सुरू केले. त्याच्या हाताशी लंडनच्या विल्यम कॅरीने घडवलेला कोन मोजण्याचा मोठा थिओडोलाइट होता. तीन फूट व्यासाचे वर्तुळ, वजन अर्ध्या टनाच्या घरात. ते घेऊन भारतात येणारे जहाजच फ्रेंचांच्या हाती सापडले होते, यंत्र मॉरिशसला गेले, आणि फ्रेंच गव्हर्नरने सौजन्याने ते परत धाडले. समुद्र, शत्रू आणि बंदरातली चढउतार यांतून ते सुखरूप निभावले. मग काम कावेरीच्या सपाटीवर आले. इथे डोंगर नाहीत, माडांच्या वरून नजर जाईल अशी जागा एकच, म्हणजे देवळे. लॅम्बटनने देवळांची उंच बांधकामे मोजणीची ठिकाणे केली. १८०८ मध्ये तंजावरच्या बृहदीश्वर मंदिरावर हे यंत्र चढवताना आधाराचा दोर तुटला आणि यंत्र भिंतीवर आदळले. ते आपल्या पेटीत होते. तरीही आघाताचा सगळा जोर सूक्ष्म फिरकीच्या स्क्रूवर आणि त्याच्या पकडीवर आला आणि मोठे वर्तुळ वेडेवाकडे झाले. लॅम्बटनने कारागीर घेऊन सहा आठवडे खपून ते पुन्हा आकारात आणले आणि पुढे वर्षानुवर्षे त्याच यंत्राने काम केले. त्याच मंदिराच्या भिंतीवर पाच वर्षे आधी, १८०३ मध्ये, तंजावरचा राजा दुसरा सरफोजी याने भोसले वंशाचे चरित्र मराठीत कोरवून घेतले होते. दगडात कोरलेल्याला पेटी लागत नाही. ज्याला हलवायचे, उघडायचे, वापरायचे, त्यालाच ती लागते.

या प्रसंगातून मी घेतो तो धडा असा. यंत्र पेटीत होते, म्हणजे संरक्षण होते. ते कमी पडले, कारण पेटी बनवणाऱ्याने प्रवासाचा विचार केला होता, उचलून टांगण्याचा नव्हता. नाजूक भाग नेमका तिथेच होता जिथे धक्का पोहोचला. पाकीट कोणत्या क्षणी आणि कोणत्या बाजूने मार खाणार आहे, हे आधी ठरवले पाहिजे. नकाशाच्या बाबतीत तो क्षण म्हणजे नकाशा पाहण्याचा. सॅकमध्ये बंद असताना त्याला काहीच होत नाही. पाहताना तो उघडतो, पाहताना त्यावर पाणी पडते, पाहतानाच वारा त्याला ओढतो, आणि पाहून परत घालताना घडी चुकीच्या जागी पडते. संरक्षण पाहण्याच्या वेळी हवे, आणि ते मिळण्याचा एकच मार्ग आहे: पाहण्यासाठी उघडावेच लागू नये.

एवढे मान्य केले की माप आपोआप ठरते. १:५०,००० च्या नकाशावर जमिनीवरचा एक किलोमीटर कागदावर दोन सेंटिमीटर होतो. अक्षांश-रेखांशांच्या पंधरा मिनिटे बाय पंधरा मिनिटांचे एक टोपोशीट, म्हणजे सर्व्हेचा एक नकाशा, महाराष्ट्राच्या अक्षांशावर साधारण ५५ बाय ५२ सेंटिमीटरचे पडते. ते अख्खे कोणत्याही पाकिटात उघडे मावत नाही. ए-४ मापाच्या खिडकीत त्याचा साडेदहा बाय पावणेपंधरा किलोमीटरचा तुकडा दिसतो, आणि एका दिवसाच्या चालीला तो बहुतेक वेळा पुरतो. याहून लहान खिडकी घेतली तर वाट खिडकीबाहेर जाते, मग पावसात पाकीट उघडून घडी पालटावी लागते, आणि सगळा खर्च वाया जातो. याहून फार मोठे घेतले तर ते वाऱ्यात शिडासारखे फडफडते आणि पोटाशी दुमडून वागवावे लागते. म्हणून ए-४ च्या आसपासचे, दोन्ही बाजूंनी पारदर्शक असलेले पाकीट घ्यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. पाठीची बाजू अपारदर्शक ठेवलेली पाकिटे स्वस्त असतात, पण ती अर्धी जागा वाया घालवतात. हरिश्चंद्रगडाचेच पाहा. गडाच्या पश्चिमेला थोड्याच अंतरावरून ७३ अंश ४५ मिनिटांची रेखावृत्तरेषा जाते आणि तिथेच टोपोशीट बदलते. कोकणाच्या बाजूने गडावर येणाऱ्याला त्यामुळे दोन शिटे लागतात. पहिली बाजू चढाईला, उलटी बाजू माथ्यावर, असा नकाशा पाठीला पाठ लावून घातला तर पाकीट फक्त पालटायचे. धुक्याने भरलेल्या माथ्यावर, जिथे दहा पावलांपलीकडे दिसत नाही, तिथे हे पालटणे आणि उघडणे यांतला फरक फार मोठा आहे.

आता पाण्याचा प्रश्न घेऊ, कारण तो दुसरा असला तरी लहान नाही. आंबोलीसारख्या ठिकाणी वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढेमागे पाऊस होतो. तिथे वेलक्रोच्या झाकणाचे पाकीट पाणी तळाशी साठवण्याचे भांडे होते. बंद करण्याच्या तऱ्हा मुख्यतः दोन. एक दाबपट्टी, बोटांनी सरकत दाबत नेली की दोन कडा एकमेकींत बसतात. दुसरी गुंडाळी, तोंड तीन वेळा दुमडून बाजूच्या कड्या अडकवायच्या. दाबपट्टी जवळून पाहिली तर तिचा शत्रू दिसतो. तिच्या खोबणीत लाल मातीचा एक कण अडकला तरी तेवढ्या जागी कडा बसत नाही, आणि केशाकर्षणाने पाणी आत ओढले जाते. बोटाला ती बंद झाल्यासारखीच लागते. गुंडाळीत मातीचा कण चालतो, कारण पाण्याला तीन वळणे ओलांडावी लागतात. पण ती उघडायला दोन हात लागतात आणि तोंडाशी जाड कडे होते. उघडावेच लागणार नसेल तर दोन हातांची अडचण राहत नाही. म्हणून मुसळधार पावसासाठी मी गुंडाळीच्या बाजूने आहे. परीक्षा घरीच करावी: आत टिश्यू पेपर घालून पाकीट अर्धा तास बादलीत बुडवून ठेवायचे. टिश्यू कोपऱ्यात ओला झाला तर कोणती शिवण फितूर आहे हेही कळते.

बाहेरचे पाणी अडवले तरी आतले राहते. दमट हवेत पाकीट बंद केले की ती हवा आतच कोंडते. बाहेर पावसाने प्लास्टिक गार पडले की आतल्या बाजूने दव धरते आणि नकाशा दुधी काचेमागे गेल्यासारखा अंधूक होतो. कुंभकोणमच्या बाजूला, जिथे पहाटेपासूनच हवा जड असते, हे रोजचे आहे. उपाय साधा: नकाशा कोरड्या खोलीत घालावा, हाताने सपाट दाबून हवा काढावी, मग तोंड बंद करावे. हवा काढल्याचा दुसरा फायदा होकायंत्राला होतो. फुगलेल्या किंवा सुरकुतलेल्या प्लास्टिकवर होकायंत्राची पट्टी डुलते आणि दिशारेषा सरकते. १:५०,००० वर दोन मिलिमीटर म्हणजे जमिनीवर शंभर मीटर. महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक फार थोडा, म्हणून आपण दिशा घेताना निर्धास्त असतो, आणि त्याच निर्धास्तपणात सुरकुतीने केलेली चूक लक्षात येत नाही. शंभर मीटर ही पट्टीश्वरम्‌च्या खाचरांत एका बांधाची चूक आहे. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याच्या काठावर ती वेगळीच गोष्ट आहे. काही पाकिटांचे झाकण लोहचुंबकाने बंद होते. दिसायला सुबक असले तरी असले पाकीट होकायंत्र वापरणाऱ्याने हातातही धरू नये, कारण सुई सरळ त्या झाकणाकडे वळते. नकाशाच्या पाकिटातच मोबाइल सरकवण्याची सवयही याच कारणाने सोडलेली बरी. त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो.

यावर पहिला आक्षेप मोबाइलचाच येईल. उपग्रहावरून जागा दाखवणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आहे, सर्व्हे ऑफ इंडियाने २०१७ पासून आपले खुल्या मालिकेचे नकाशे इंटरनेटवर उतरवून घेण्याची सोय केली आहे, २०२१ च्या केंद्र सरकारच्या नव्या धोरणाने नकाशांवरची बरीच बंधने काढली, मग कागद आणि त्याचे पाकीट यांचा घोळ कशाला? हा आक्षेप मला बिनबुडाचा वाटत नाही. जागा नेमकी कुठे आहे हे मोबाइल कागदापेक्षा चांगले सांगतो, आणि ज्याच्याकडे तो आहे त्याने तो जरूर वापरावा. पण त्याच्या पडद्यावर पावसाचे थेंब पडले की ते बोटासारखेच ओळखले जातात आणि नकाशा आपोआप सरकतो, मोठा-लहान होतो. ओल्या बोटाला तो दाद देत नाही. बॅटरी संपते, आणि संपते ती दिवसाच्या शेवटी, जेव्हा उजेडही संपत आलेला असतो. शिवाय त्याच्या तळहाताएवढ्या पडद्यावर आजूबाजूचा मुलूख एकत्र दिसत नाही. मी कुठे आहे याचे उत्तर मिळते, पण पुढच्या तीन पाटांचा क्रम काय, डावीकडची सोंड कुठे जाते, अंधार पडला तर जवळचे गाव कोणते, ही उत्तरे एका नजरेत मिळत नाहीत. ती ए-४ च्या कागदावर मिळतात. सर्व्हेचे नकाशे घरबसल्या मिळू लागल्याने हवा तो भाग हव्या त्या मापात छापता येतो, म्हणजे पाकिटासाठी नकाशा आखण्याची, ताडपत्रावर जागा सोडणाऱ्या लेखकाची मोकळीक आपल्याला पुन्हा मिळाली आहे. त्या अर्थाने कागदाची सोय वाढलीच आहे.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पाकिटे काही शे रुपयांपासून दोन-तीन हजारांपर्यंत मिळतात. त्याऐवजी नकाशा लॅमिनेट करून घ्यावा, नाहीतर स्वयंपाकघरातली झिपलॉकची पिशवी घ्यावी, असे अनुभवी ट्रेकरही सांगतात. पिशवीबद्दल ते बऱ्याच अंशी बरोबर आहेत. एक दिवसाच्या फेरीला, नकाशा ए-४ वर छापलेला असेल तर, जाड झिपलॉकची पिशवी अगदी पुरते. पातळ असल्याने ती होकायंत्राखाली सपाट बसते आणि कित्येक महागड्या पाकिटांपेक्षा जास्त स्वच्छ दिसते. माझ्या कसोटीवर ती उत्तीर्ण होते, म्हणून मी तिला नाव ठेवणार नाही. तिची मर्यादा टिकाऊपणाची: करवंदीच्या एका काट्याने ती जाते, म्हणून सोबत दुसरी ठेवावी. लॅमिनेशनचे मला तितके पटत नाही. ताठ झालेला नकाशा दुमडता येत नाही, दुमडला तर घडीवर थर सुटतो आणि तिथून शिरलेले पाणी कधीच बाहेर येत नाही. वर चकाकी अशी की दुपारच्या उन्हात नकाशाऐवजी आभाळ दिसते. चकाकीचा मुद्दा पाकिटांनाही लागू आहे. किंचित मंद पृष्ठभागाचे पाकीट दुकानाच्या दिव्याखाली कमी आकर्षक वाटते आणि उन्हात जास्त वाचता येते.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर आहे, कारण तो जिवाशी संबंधित आहे. नकाशा सतत पाहायचा तर तो गळ्यात लटकवायचा. मग रॉक पॅचवर चढताना पाकीट छाती आणि कातळ यांच्यामध्ये येते, पाय दिसत नाही, आणि दोरी कुठे अडकली तर गळ्याला फास बसतो. हे खरे आहे, आणि याला एकच उत्तर आहे: गळ्यात लटकवू नये. बहुतेक पाकिटांसोबत गळ्याचीच दोरी येते, ती काढून टाकावी. पाकिटाच्या वरच्या दोन कोपऱ्यांतून आखूड दोरी घेऊन ते सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला अडकवावे, असे की हात नेला की ते डोळ्यांसमोर यावे आणि सोडले की कुशीला जावे. कातळ आला की ते सॅकमध्ये टाकावे. कातळावर दिशा पाहायची नसते, तिथे पुढची पकड पाहायची असते. नकाशा तिथून वर पोहोचल्यावर लागतो. आपल्याकडे घसरड्या वाटेवर झाडाच्या मुळ्या धरत उतरावे लागते, त्या वाटांनाही हाच नियम. नजरेची कसोटी मी पहिली मानतो, पण दोन्ही हात लागतात तिथे ती हातांना जागा देते. ज्या पाकिटाला कोपऱ्यांत भक्कम छिद्रे किंवा कड्या नाहीत, ज्याची दोरी काढताच येत नाही, ते म्हणूनच नाकारावे.

राहिला प्रश्न परत आल्यानंतरचा, ज्याकडे पाकीट घेणारे जवळजवळ सगळेच दुर्लक्ष करतात. स्वस्त पाकिटे बहुतेक पीव्हीसीची असतात. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात घातलेले द्रव्य हळूहळू पृष्ठभागावर येते आणि लेझर प्रिंटरची किंवा झेरॉक्सची शाई सोडवते. जुन्या फायलीत ठेवलेल्या गुणपत्रिकेच्या झेरॉक्सची अक्षरे प्लास्टिकला चिकटून उलटी उमटलेली अनेकांनी पाहिली असतील. नकाशाचे तेच होते. टीपीयू या दुसऱ्या लवचीक प्लास्टिकच्या पाकिटात हा धोका नसतो आणि ते सह्याद्रीच्या थंड पहाटेही ताठ होत नाही, म्हणून थोडे जास्त पैसे त्यावर घालणे मला रास्त वाटते. पण पाकीट कशाचेही असो, घरी आल्यावर नकाशा बाहेर काढावा, सावलीत वाळू द्यावा, आणि सुती कापडात किंवा कागदी लिफाफ्यात सपाट ठेवावा. रुमाल बांधणाऱ्यांचे शहाणपण इथे लागू पडते. पाकीट आतून पुसून, तोंड उघडे ठेवून टांगावे, आणि दाबपट्टी असेल तर जुन्या दातघासणीने तिची खोबण साफ करावी.

पाकीट घ्यायला जाल तेव्हा आपला एक नकाशा आणि होकायंत्र बरोबर घेऊन जा. नकाशा ठरलेल्या वाटेप्रमाणे घडी करून आत घाला, हवा काढून तोंड बंद करा, आणि दुकानाच्या दाराबाहेर उन्हात या. एका हातात पाकीट धरून त्यावरचे सर्वांत बारीक गावाचे नाव वाचा, मग होकायंत्र ठेवून दोन ठिकाणांमधली दिशा घ्या. तीच दिशा पाकिटाबाहेर काढलेल्या नकाशावर पुन्हा घ्या. दोन्ही जुळली नाहीत, किंवा नाव वाचायला पाकीट उघडावे लागले, तर ते पाणी कितीही अडवत असले तरी परत करा आणि वाटेत दहा रुपयांची झिपलॉकची पिशवी घ्या.